ग्रंथकाराची हजेरी

पुण्याचा वसंत ऋतू पंचांगात चैत्र-वैशाखाचा असला, तरी नागरिकांच्या लेखी तो व्याख्यानांचा ऋतू आहे. १८७५ साली माधवराव रानडे यांनी वक्तृत्वाला उत्तेजन देण्याचा उपक्रम या शहरात सुरू केला, आणि तेव्हापासून एप्रिल-मेच्या उकाड्यात संध्याकाळी सभेला जाऊन बसण्याची सवय येथल्या लोकांना लागली. या सवयीमागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. शाळांना आणि न्यायकचेऱ्यांना उन्हाळ्यात सुट्टी असे. बोलणारे बहुतेक मास्तर, वकील व मुन्सफ, आणि ऐकणारेही पुष्कळसे तेच. म्हणून आमच्या वाङ्मयीन इतिहासातल्या आरंभीच्या तारखा पाहिल्या, तर त्या एकाच महिन्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या दिसतात. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा ११ मे १८७८ रोजी झाली, दुसरी २४ मे १८८५ रोजी झाली, आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना २७ मे १९०६ रोजी झाली. तिन्ही गोष्टी पुण्यातल्या आणि तिन्ही मेच्या कडक उन्हातल्या.

ग्रंथ लिहिणारा मनुष्य ग्रंथ सोडून सभेत का येतो, आणि आपण नागरिक त्याला पाहावयास व ऐकावयास का जातो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता साधा आहे. पुस्तक घरी आणून वाचता येते. त्यासाठी मंडप लागत नाही, हार-तुरे लागत नाहीत, आणि ध्वनिक्षेपकाची खरखरही सोसावी लागत नाही. असे असता दीडशे वर्षे हा व्यवहार चालू आहे, आणि त्या काळात ग्रंथकाराची हजेरी जशी गाजली तशीच त्याची गैरहजेरीही गाजली. किंबहुना आमचे म्हणणे असे आहे की, कोण आला याइतकेच कोण आला नाही, आणि कोणाला येऊ दिले नाही, यावरूनही समाजाची परीक्षा होते.

प्रथम थोडे मागे जाऊ. छापखाना येण्यापूर्वी आमच्याकडे ग्रंथ हा प्रामुख्याने ऐकण्याचा विषय होता. पोथी पुराणिक सांगे, अभंग कीर्तनकार गाई, पोवाडा शाहीर डफावर म्हणे. ऐकणाऱ्यापुढे उभा असलेला मनुष्य बहुधा ग्रंथाचा कर्ता नसे; कर्ता शे-दोनशे वर्षांपूर्वीच समाधिस्थ झालेला असे. पण गंमत अशी की, कर्ता हजर नसूनही तो हजर असे. आमच्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गोवून ठेवण्याची रीत पाळली. नाममुद्रा आली की श्रोत्याला कळे, हे बोलणे कोणाचे आहे. कीर्तनकाराचा आवाज उसना असला तरी सही मूळ मालकाची असे. त्यामुळे नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम ही माणसे घरच्या वडीलधाऱ्यांसारखी नावानिशी ओळखीची राहिली.

छापखान्याने हा संबंध बदलला. पुस्तक स्वस्त झाले, पुष्कळांच्या हाती गेले, परंतु लिहिणारा व वाचणारा यांच्यामध्ये छापखानदार, विक्रेता, शाळाखाते आणि टपाल अशी चार-पाच दारे उभी राहिली. १८६७ साली सरकारने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यानुसार छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात जमा होऊ लागल्या व त्यांच्या याद्या निघू लागल्या. देशात कोण काय लिहितो हे सरकारला ठाऊक झाले. पण लिहिणाऱ्यांना एकमेकांचे तोंड ठाऊक नव्हते. रत्नागिरीचा ग्रंथकार नगरच्या ग्रंथकाराला ओळखत नसे. पुस्तक छापावयाचे तर पदरचा पैसा घालावा, नाहीतर दक्षिणा प्राइज कमिटीकडे अर्ज करावा, किंवा एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाची वाट पाहावी, अशी स्थिती होती.

ही अडचण ज्यांना नेमकी कळली त्या दोघांची नावे प्रसिद्ध आहेत: लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि माधवराव रानडे. रानडे तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले नव्हते, ते पद त्यांना १८९३ साली मिळाले. १८७८ साली ते पुण्यात सबजज्ज होते. लोकहितवादी त्यांच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी वडील. १८४८ साली पुण्यात जे सार्वजनिक ग्रंथालय निघाले, जे आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालते, त्याच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. त्याच वर्षापासून त्यांची शतपत्रे मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात येऊ लागली होती. म्हणजे वाचणाऱ्यासाठी ग्रंथालय आणि लिहिणाऱ्यासाठी सभा, ही दोन्ही कामे तीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या हातून झाली. ७ फेब्रुवारी १८७८ च्या ‘ज्ञानप्रकाशा’त ग्रंथकारांनी एकत्र यावे असे आवाहन या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ मे रोजी, पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या हिराबागेत सभा भरली. अध्यक्षस्थानी रानडे होते.

हिराबाग ही पेशव्यांच्या वेळची बाग. जेथे पूर्वी श्रीमंतांच्या विहाराची व्यवस्था असे, तेथे आता पदरमोड करून पुस्तके छापणारी मंडळी बसली. या सभेचा हेतू अगदी गद्य होता. मराठी ग्रंथांचा प्रसार कसा व्हावा, लिहिणाऱ्यास उत्तेजन कसे मिळावे, आणि ग्रंथकारांची आपसांत ओळख कशी व्हावी, एवढेच तिच्यापुढचे काम. रसिकांची गर्दी नव्हती, मिरवणूक नव्हती. एका धंद्यातली माणसे आपल्या धंद्याची अडचण सोडविण्यासाठी जमतात तशी ही मंडळी जमली. मुंबई व पुणे यांच्यामधला बोरघाट १८६३ पासून आगगाडी ओलांडू लागली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सभेसाठी घाट उतरणे-चढणे हाच एक पुरुषार्थ झाला असता, तिला आता मुंबईकरास तिकिट काढून येता येत होते.

त्या वर्षाचा राजकीय रंगही पाहण्यासारखा आहे. १८७६ पासूनच्या दुष्काळाने दख्खनचा कणा मोडला होता. १४ मार्च १८७८ रोजी, म्हणजे सभेचे आवाहन निघाल्यावर आणि सभा भरण्यापूर्वी, लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा कायदा मंजूर केला. सभा कायद्याच्या निषेधासाठी बोलावलेली नव्हती. आवाहन आधीचे आणि कायदा मागाहूनचा. परंतु ज्या भाषेत लिहिणाऱ्यांकडे सरकार संशयाने पाहू लागले होते, त्याच भाषेत लिहिणारे लोक दोनच महिन्यांत उघड्यावर एकत्र बसले, या योगायोगालाही अर्थ आहेच. रानड्यांविषयी सरकारच्या मनात किंतु होताच; त्यांची त्याच वर्षी नाशिकास आणि पुढच्या वर्षी धुळ्यास बदली झाली. सभा बोलावणारा दूर गेला की सभा थांबते, हा आमच्या सार्वजनिक आयुष्यातला जुनाच रोग. ग्रंथकारांची दुसरी सभा भरावयास सात वर्षे लागली.

या सात वर्षांत मराठी वाङ्मयाचे रूप पुष्कळ पालटले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून चालू होती. तिने मराठी गद्याला तेज दिले, आणि त्याच तेजाचे चटके लोकहितवादी व जोतीराव फुले या दोघांनाही दिले. १८८२ च्या मार्चमध्ये शास्त्रीबोवा अकाली निवर्तले. त्याच साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेसे पण सणसणीत पुस्तक प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांची ‘गुलामगिरी’ तर १८७३ सालीच निघालेली होती. म्हणजे १८८५ साली मराठी ग्रंथकार कोण, असा प्रश्न कोणी केला असता, तर त्याचे उत्तर १८७८ इतके सोपे राहिले नव्हते. आता शेतकऱ्याच्या बाजूने लिहिणारा ग्रंथकार होता, स्त्रीच्या बाजूने लिहिणारी ग्रंथकर्ती होती, आणि शाळाखात्याच्या बक्षिसासाठी संस्कृत नाटके मराठीत आणणारेही होतेच.

२४ मे १८८५ रोजी पुण्यास दुसरी सभा भरली. या खेपेस शंभरावर ग्रंथकार जमले. अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे, संस्कृत नाटकांची मराठी रूपांतरे करणारे विद्वान गृहस्थ. निमंत्रण जोतीरावांनाही गेले होते. ते आले नाहीत; त्यांनी पत्र पाठविले. ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त ते प्रसिद्ध झाले, आणि आज त्या सभेतल्या भाषणांपेक्षा या पत्राचीच आठवण लोकांना अधिक आहे.

पत्राचा आशय थोडक्यात असा. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, आणि आपल्या वर्तनात ते दाखवीत नाहीत, त्यांच्या सभांशी व त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. वरवरच्या एकोप्याने शूद्रादि अतिशूद्रांचे हित व्हावयाचे नाही; त्यांनी आपला विचार आपणच करावा हे बरे. भाषा रोखठोक आहे, काही ठिकाणी बोचरी आहे, आणि ती तशी असावी असेच लिहिणाऱ्याच्या मनात असले पाहिजे.

या पत्राकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. काहीजण म्हणतात, सभा मराठी भाषेच्या भल्यासाठी होती, रानड्यांनी आदराने बोलावले होते, तर जोतीरावांनी येऊन तेथेच आपले म्हणणे मांडावयाचे होते. दुसरे म्हणतात, जेथे आपले म्हणणे ऐकून घेण्याची तयारी नाही तेथे जाऊन खुर्ची भरण्यात काय अर्थ? आमच्या मते या दोन्ही बाजू मांडताना एक गोष्ट नेहमी निसटते. रानडे आणि जोतीराव एकमेकांना परके नव्हते. १८७५ साली दयानंद सरस्वतींची व्याख्याने पुण्यात झाली, आणि त्यांच्या मिरवणुकीला सनातनी मंडळींकडून उपद्रव होण्याचे भय निर्माण झाले, तेव्हा रानड्यांच्या मदतीला आपली माणसे घेऊन जोतीराव उभे राहिले होते. ज्या माणसाने रस्त्यावर रानड्यांची साथ केली, त्याने सभागृहात ती केली नाही. तेव्हा या नकाराला वैयक्तिक रुसवा म्हणता येत नाही. रस्त्यावर संरक्षणाचा प्रश्न होता, तेथे ते गेले. सभेत ग्रंथकार म्हणून एका पंक्तीला बसण्याचा प्रश्न होता, आणि ती पंक्ती खरी आहे की देखाव्याची आहे, असे त्यांनी विचारले.

रानड्यांच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशांना एका छपराखाली आणावे, थोडे बोलावे, थोडे सोसावे, आणि त्यातून हळूहळू संस्था उभी राहावी, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. ते निमंत्रण गेले म्हणून तर पत्र आले. निमंत्रणच गेले नसते, तर जोतीरावांची गैरहजेरी कोणाच्या ध्यानातही आली नसती. बोलावणाऱ्याचा मोठेपणा आणि नाकारणाऱ्याचा बाणेदारपणा, हे दोन्ही एकाच प्रसंगात पाहावयास मिळतात. परंतु प्रश्न मात्र जोतीरावांचाच उरला. सभेने पुस्तकांचा प्रसार कसा करावा याचे उपाय शोधले. पुस्तके कोणाची आणि कोणासाठी, याचे उत्तर ती देऊ शकली नाही.

त्यानंतर वीस वर्षे ग्रंथकार जमले नाहीत. १८९० साली जोतीराव गेले, १८९२ साली लोकहितवादी गेले, १९०१ साली रानडे गेले. तिसरे संमेलन १९०५ साली साताऱ्यास भरले आणि चौथे १९०६ साली पुण्यास. या चौथ्या संमेलनातच साहित्य परिषदेची स्थापना झाली, आणि सभा बोलावणारा मनुष्य दूर गेला तरी सभा चालू राहावी अशी काही तजवीज झाली. पुढे ‘ग्रंथकार’ हा शब्द मागे पडून ‘साहित्य’ व ‘साहित्यिक’ हे शब्द आले. हा बदल केवळ नावाचा नव्हे. ग्रंथकार म्हटले की त्यात व्याकरण लिहिणारा, कायद्याचे पुस्तक लिहिणारा, वैद्यकावर लिहिणारा, इतिहासाचे कागद छापणारा, सारेच येत. साहित्यिक म्हटले की मनात कवी व कादंबरीकार उभा राहतो. तरी जुनी व्यापक समजूत बरीच वर्षे टिकून होती. ज्ञानकोशकार केतकर १९३१ साली हैदराबादेस अध्यक्ष झाले आणि इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार १९३९ साली नगरास अध्यक्ष झाले, ही त्याची साक्ष.

संमेलन गावोगाव फिरू लागले तसा त्यात एक तिसरा पक्ष शिरला, तो म्हणजे श्रोता. बडोदे, अकोला, इंदूर, ग्वाल्हेर, गोवे, कोल्हापूर, नागपूर, सोलापूर, अशा ठिकाणी संमेलने झाली तेव्हा त्या त्या गावच्या लोकांनी मंडप भरून काढले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहिलेले नाव जिवंत, चष्मा पुसताना, पाणी पिताना दिसू लागले. १९२३ साली निघालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता लोकांपुढे गाऊन व म्हणून दाखविण्याची गोडी लावली. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर व वसंत बापट या तिघांनी एकत्र काव्यवाचन करीत गावेच्या गावे पालथी घातली. पु. ल. देशपांडे यांनी तर १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर उभी केली. छापखान्याने जे दार लावले होते ते अशा रीतीने किलकिले झाले, आणि नाममुद्रेपुरता उरलेला कर्ता पुन्हा सदेह श्रोत्यांपुढे आला.

परंतु मंडप मोठा झाला की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की आश्रयदाता येतो. १९३२ साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष बडोद्याचे सयाजीराव महाराज होते, १९३५ साली इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दोघेही जाणते आणि विद्येचे चाहते, यात शंका नाही. तथापि हिराबागेतली ग्रंथकारांची बैठक आता दरबाराच्या थाटाकडे झुकू लागली हे नाकारता येत नाही. संस्थाने गेली आणि मंत्री आले. अनुदान देणारा व्यासपीठावर बसणार, हे गृहीत धरले जाऊ लागले.

याच काळात जोतीरावांचे जुने पत्र जणू पुन्हा पुन्हा वाचले जात होते. संमेलनाच्या अध्यक्षस्थानी पहिली स्त्री बसावयास १९६१ साल उजाडावे लागले. कुसुमावती देशपांडे ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा पहिल्या सभेला त्र्याऐंशी वर्षे झाली होती, आणि ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकाला एकोणऐंशी. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. आपला विचार आपणच करावा, हे जोतीरावांचे सांगणे येथे प्रत्यक्षात आले. मुख्य संमेलनाच्या अध्यक्षपदी शंकरराव खरात यांची निवड झाली ती १९८४ साली, जळगावास. १८८५ च्या पत्राला शंभर वर्षे भरावयास एकच वर्ष उरले होते. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. एका पत्राचे उत्तर द्यावयास समाजाला एवढा काळ लागतो, आणि तरीही उत्तर पुरे झाले असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता ग्रंथकाराच्या हजेरीचा एक निराळा प्रसंग पाहू. १९७५ च्या जूनमध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली, आणि त्याच वर्षाअखेर कऱ्हाडास संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्र सरकारात मंत्री होते. जयप्रकाश नारायण तुरुंगवासातून आजारी होऊन बाहेर आलेले होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून सभेला उभे राहून प्रार्थना करण्यास सांगितले. वरवर पाहता एका आजारी वृद्धासाठी प्रार्थना, एवढेच ते होते. परंतु त्या काळात ते नाव भर सभेत घेणे ही काय गोष्ट होती, हे तो काळ पाहिलेल्यांना सांगावयास नको. पुढच्या वर्षी, १९७६ साली, दुर्गाबाईंना अटक झाली. ग्रंथकार सभेत कशासाठी येतो, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते. पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तक वाचले जाण्याची वाट पाहावी लागते. सभेत हजारो माणसे एकाच क्षणी उभी राहतात, आणि आपण एकटे नाही हे प्रत्येकाला शेजाऱ्याकडे पाहून कळते. हे काम छापील पानाला साधत नाही.

याच्या उलट बाजूचे दोन प्रसंग अलीकडचे आहेत. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आनंद यादव निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, वातावरण तापले, आणि यादवांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षावाचून पार पडले. कादंबरीतले चित्रण कोणाला रुचले नसेल, तर त्यावर टीका करण्याचा हक्क वाचकाला निःसंशय आहे. ज्यांच्या घरात तुकोबांची गाथा देवघरात ठेवली जाते त्यांच्या भावना खोट्या, असे म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु ग्रंथकाराने समोर उभे राहून आपली बाजू मांडावी, आणि विरोधकाने तेथेच तिचे खंडन करावे, यासाठीच तर सभा असते. ती वेळ येण्यापूर्वीच खुर्ची रिकामी झाली.

दुसरा प्रसंग २०१९ च्या जानेवारीतला, यवतमाळचा. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. ते आयोजकांनी ऐनवेळी मागे घेतले. त्या इंग्रजीत लिहितात असा आक्षेप काहींनी घेतला होता, आणि संमेलन उधळले जाईल अशी भीती पुढे करण्यात आली. परिणाम असा झाला की अनेक निमंत्रित लेखकांनी यवतमाळास जाण्याचे नाकारले, आणि जे भाषण मंडपातल्या लोकांनी ऐकावयाचे होते ते वर्तमानपत्रांतून घरोघर वाचले गेले. संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी घडल्या प्रकाराविषयीची नापसंती व्यासपीठावरूनच बोलून दाखविली.

१८८५ आणि २०१९ हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत एक ग्रंथकार गैरहजर आहे, आणि दोन्हींत त्याचे शब्द सभेपेक्षा दूरवर पोचले आहेत. परंतु फरक केवढा! १८८५ साली बोलावणे गेले व पाहुण्याने ते नाकारले. २०१९ साली पाहुणी येण्यास तयार होती आणि यजमानाने पाय मागे घेतला. रानड्यांच्या पिढीजवळ साधने तुटपुंजी होती, सरकारची नजर वाकडी होती, समाजात भेदांच्या भिंती होत्या. तरीही, जो आपल्याला दोष देईल हे ठाऊक आहे, त्याला बोलावण्याचे धैर्य तिच्याजवळ होते. आज साधने पुष्कळ आहेत. मोठ्या शहरांतून पुस्तकांचे उत्सव भरतात, लेखकाबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी रांगा लागतात, पुस्तकावर सही मिळते. हे सारे चांगलेच आहे. लेखकाचे कौतुक होत नसे त्या दिवसांपेक्षा हे दिवस बरे. पण सही घेताना वाचकाला लेखकाचा हात दिसतो. त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी जरा वेळ बसावे लागते, आणि ते न पटणारे असेल तर अधिकच वेळ बसावे लागते.

येथे आम्हा नागरिकांकडे वळले पाहिजे, कारण संमेलनांच्या चर्चेत आयोजक, अध्यक्ष, मंत्री या साऱ्यांवर बोट ठेवले जाते आणि श्रोता नामानिराळा राहतो. १८७८ च्या सभेत श्रोता जवळजवळ नव्हताच. ग्रंथकार बोलत होते आणि ग्रंथकार ऐकत होते. आज मंडपातली बहुसंख्या आपली आहे. सभा उधळण्याची धमकी ज्या भरवशावर दिली जाते तो भरवसा असा की, बाकीचे लोक निमूटपणे घरी जातील. आयोजक जे भितात ते धमकी देणाऱ्या मूठभरांना भितात असे आपण म्हणतो; खरे म्हणजे उरलेले हजारो लोक जागचे हलणार नाहीत, याची त्यांना खात्री नसते. ती खात्री देणे हे श्रोत्यांचे काम आहे, आणि त्यासाठी आरडाओरडा करावा लागत नाही. खुर्चीवर बसून राहावे लागते, इतकेच.

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना हे सांगण्याची खरे पाहता गरज नाही. न पटणाऱ्या वक्त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, प्रश्न विचारावा, आणि घरी जाताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडत जावे, ही या शहराची जुनी रीत. या रीतीला अपवादही घडले आहेत, आणि येथे सभा मोडल्याही आहेत. ते लपविण्यात अर्थ नाही. पण रीत कोणती आणि अपवाद कोणता, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पिढीकडे नव्याने येतो. तो आज आपल्याकडे आहे.

तेव्हा यापुढे आपल्या गावात ग्रंथकार येणार असे कळले, तर अवश्य जावे, त्याचे पुस्तक आधी वाचून जावे, आणि तो काय म्हणतो ते पुरते ऐकावे. कार्यक्रमपत्रिका हाती आली की तिच्यावर कोणाची नावे नाहीत तेही पाहावे. बोलावूनही जो आला नसेल, तो का आला नाही, याची चौकशी करावी. आणि येत असता ज्याला थांबविले असेल, त्याचे पुस्तक त्याच दिवशी विकत घ्यावे. लोकहितवादी व रानडे यांना हिराबागेत जो प्रश्न पडला होता, की मराठी ग्रंथाला उत्तेजन कसे द्यावे, त्याचे उत्तर एवढ्याने बरेचसे मिळेल. आणि जोतीरावांच्या पत्राचेही थोडेफार मिळेल.